विचारून लावलेला हात

घरात तिला सगळे सिस्टर म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा ती सरकारी इस्पितळात नर्स होती. सासूबाईंनी शेजारणींशी ओळख करून देताना मोठ्या ऐटीत सांगितलं, "ही आमची सिस्टर," आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. नवराही त्याच नावाने हाक मारू लागला. "बायकोला सिस्टर म्हणणारा उभ्या जगात मी एकटाच," असं तो येईल त्या पाहुण्याला सांगायचा आणि पाहुणा हसायच्या आत स्वतःच हसायचा.

मायदेशी शस्त्रक्रियेचा अख्खा वॉर्ड तिच्या ताब्यात होता. ती दारातून आत आली की पेशंटच्या पलंगावर ऐसपैस बसलेले नातेवाईक आपोआप उठून उभे राहत. तोंडाने ती फारसं बोलत नसे. बोलायला सवड होती कुणाला? पलंगांची एक अख्खी रांग एकेका नर्सच्या वाट्याला. "चला काका, कुशीवर," एवढं म्हणेपर्यंत काका कुशीवर वळलेले असत, पाठ पुसलेली असे, चादर ताठ झालेली असे, आणि काकांनी "आई गं" म्हणायला तोंड उघडावं तर सिस्टर पुढच्या पलंगाशी. महिनोन् महिने पडून असलेल्या माणसाच्या पाठीलाही तिच्या वॉर्डात जखम होत नसे. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. त्याला परदेशात काम मिळालं, तसं सासूबाई आणि शाळकरी मुलगी यांच्यासकट सगळं बिऱ्हाड इकडे आलं. निघताना जो तो म्हणाला, "तुला काय काळजी? नर्सला काय, जिथे माणसं आजारी पडतात तिथे नोकरी." माणसं इथेही आजारी पडत होती, त्यात काही उणं नव्हतं. पण इथल्या कायद्याच्या लेखी सिस्टर नर्स नव्हतीच.

आधी तिच्या प्रशिक्षणाचे कागद मायदेशाहून यायचे होते. जिथे ती शिकली ती संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली, जुन्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते निवृत्त, आणि सही ज्यांनी करायची ते कायम "आत्ताच बाहेर गेलेत". मग भाषेची परीक्षा. मग लेखी परीक्षा. एकेक डोंगर ती चढून उतरली. उरली शेवटची, प्रात्यक्षिकाची. ती दोनदाच देता येत होती. दोन्हीदा नापास झालं तर नर्सिंगचा सगळा अभ्यासक्रम इथे पहिल्यापासून करायचा, तोही शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरींच्या बाकावर बसून. सिस्टरच्या वयाला याचा अर्थ एकच होता. विषय संपला.

पहिल्या वेळी ती नापास झाली.

परीक्षा म्हणजे एका लांब दालनात पडदे लावून केलेल्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक पेशंट, कुठे रबरी पुतळा तर कुठे पेशंटचं सोंग घेतलेला खरा माणूस, आणि कोपऱ्यात एक परीक्षक. घंटा झाली की आत जायचं, घंटा झाली की बाहेर. सिस्टरने सगळं बिनचूक केलं. हात धुतले, मनगटावरची पट्टी वाचली, जखम साफ केली, पुतळ्याला कुशीवर वळवून पाठ तपासली. जाताना सवयीने त्याच्या कपाळावर हातसुद्धा ठेवला. आणि सगळं केलं ते तोंडातून ब्र न काढता. आपण कोण ते सांगितलं नाही. नाव विचारलं नाही, कारण ते पट्टीवर वाचलं होतं. हात लावू का असं विचारलं नाही, कारण असं विचारतात हेच तिला ठाऊक नव्हतं. निकालात शेरा आला, "पेशंटशी संवाद नाही. संमती घेतली नाही."

"रबराची संमती!" सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. "रबराला काय विचारू? बाबा रे, कसं वाटतंय, वास येतोय का स्वतःचा?"

"तो रबराचा होता हे ठीक," नवरा चहा ओतत म्हणाला, "पण तू माणसांना तरी कुठे विचारायचीस?"

त्यावर सिस्टरने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने चहा बशीऐवजी टेबलावर ओतला.

*

दरम्यान पोटापाण्यासाठी तिने एका वृद्धाश्रमात मदतनिसाची नोकरी धरली होती. नर्सना पांढरा गणवेश, मदतनिसांना राखाडी. मदतनिसाने म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, भरवायचं, उठवायचं, बसवायचं. रक्तदाब मोजायचा नाही. गोळी हातात घ्यायची नाही. जखमेवरची पट्टी सुटली तर नर्सला हाक मारायची आणि उभं राहायचं. ज्या हातांनी टाके काढण्यात हयात घातली ते हात पाठीमागे बांधून उभं राहायला शिकणं, हे तिला सगळ्यात जड गेलं.

तिथे कपडे धुण्याच्या खोलीत एक बाई होती. ती दुसऱ्याच कुठल्या देशातून आलेली, तिकडे सुईण होती. सगळे तिला अजूनही सुईणच म्हणत. तिनेही कधीकाळी कागद जमवायला घेतले होते, अर्ध्यात सोडून दिले. मोठ्या यंत्रातून ओल्या चादरींचा पिळा ओढून काढताना ती म्हणायची, "बघ, अजून बाळंतपणंच करते मी. फक्त ही रडत नाहीत."

"तू परीक्षा का नाही देत?" सिस्टरने एकदा विचारलं.

"तू दिलीस ना? काय मिळालं?"

"राग मिळाला," सिस्टर म्हणाली. "पुरतो तो मला."

आश्रमाची व्यवस्थापिका हसतमुख बाई होती. तिला कुणी रागावलेलं पाहिलं नव्हतं. काम करून घेण्याची तिची रीत मऊ होती. पाठीवरून हात फिरवायचा आणि ओझं ठेवायचं. पांढऱ्या गणवेशातल्या नर्स तिच्याकडे टिकत नसत, आणि राखाडी गणवेशात एक तयार नर्स फुकट फिरतेय हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

एके सकाळी ड्यूटीवरची नर्स आलीच नाही. एका आजोबांच्या पायावर जुनी जखम होती, तिची पट्टी बदलायची होती. व्यवस्थापिका सिस्टरजवळ आली. "जरा तेवढं बघतेस का? तुला तर सगळं येतं. इथे आपणच आहोत."

सिस्टरच्या हातांना खाज सुटली, खोटं कशाला बोला. पण नोंदणी नसताना नर्सचं काम केल्याचं उघड झालं, तर परीक्षेचं दार कायमचं बंद होणार होतं. आणि दुसरंही एक कारण होतं, ते तिला जास्त मोठं वाटत होतं.

"नर्सचं काम हवं असेल तर मला नर्स म्हणून घ्या," ती म्हणाली. "राखाडी कपड्यांतून पांढरं काम होणार नाही. बाहेरून नर्स बोलवा."

"अगं, आजोबांचा तरी विचार कर."

"त्यांचाच करतेय. फोन करा, मी त्यांच्यापाशी बसते."

बाहेरची नर्स यायला दुपार झाली. तोवर सिस्टर आजोबांच्या उशाशी बसून राहिली. मदतनिसाला जेवढं चालतं तेवढं तिने केलं. पायाखाली उशी दिली, ओला टॉवेल काढून कोरडा घातला, गप्पा मारल्या.

आजोबा खमके होते. "तुला येतं ना हे?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"मग करत का नाहीस?"

"येतं म्हणूनच करत नाही. चोरून केलं, तर येतं हे कुणाला कळणारच नाही."

आजोबांनी पायाखालची उशी चाचपली. मग म्हणाले, "पाय माझा दुखतोय आणि भांडण तुझं चाललंय."

"खरंय," सिस्टर म्हणाली. तिला ते लागलं. पण ती उठली नाही आणि तिने पट्टीलाही हात लावला नाही.

*

घरी परीक्षेची तयारी जोरात चालली होती. नवऱ्याला सोफ्यावर आडवं केलं होतं. मुलगी परीक्षक होऊन कोपऱ्यात बसली होती, हातात फूटपट्टी घेऊन, कारण परीक्षकाकडे काहीतरी हवं असं तिचं म्हणणं.

"नमस्कार. मी आज तुमची नर्स आहे," सिस्टरने सुरुवात केली. "तुमचं पूर्ण नाव सांगता का?"

"विसरलीस?" नवरा म्हणाला.

"बाबा, नीट!" परीक्षक ओरडली.

"मी तुमच्या हाताला हात लावला तर चालेल का?"

नवरा उठूनच बसला. "आई, ऐकलंस का? लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा विचारतेय!"

सासूबाई खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांना हा पोरखेळ वाटत होता. "अगं, त्याला विचारतेस काय? कान धर आणि फिरव. लहानपणापासून त्याला तीच भाषा कळते."

शेवटी नवऱ्याच्या जागी सासूबाईच झोपल्या. "ह्याच्याच्याने व्हायचं नाही. हा पेशंट झाला तरी बडबड्याच."

सिस्टर त्यांच्याजवळ वाकली. "आई, तुम्हाला जरा डाव्या कुशीवर वळवायचं आहे. पाठ बघायची आहे. वळवू का?"

सासूबाई छताकडे बघत राहिल्या. सिस्टरला वाटलं, ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं.

"ऐकलं मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "तीन बाळंतपणं झाली माझी, एक मोठं ऑपरेशन झालं. कितीजणांनी फिरवलं, उताणं केलं, पालथं केलं. वळवू का म्हणून कुणी विचारलं नाही." मग एकदम सावरून त्या म्हणाल्या, "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर..." सिस्टर अडखळली. "असं कसं? पाठ तर बघायलाच हवी ना."

"मग विचारतेस कशाला? मेलं नुसतं नाटक!"

मुलीने हातातल्या फूटपट्टीने टेबल वाजवलं. "नापास!"

सिस्टर चिडून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासली, जी आधीच घासलेली होती. चिडण्याचं कारण सासूबाई नव्हत्या. आजवर तिला ही परीक्षा म्हणजे इथल्या लोकांचं थेर वाटत होतं. सासूबाईंचा तो बदललेला आवाज ऐकल्यापासून ती तसं म्हणू शकत नव्हती. आणि ज्या वॉर्डाचा एवढा अभिमान, तिथले काका-मावश्या तिच्या डोळ्यांपुढे एकेक करून कुशीवर वळू लागले होते, न विचारता.

*

पट्टी बदलण्याचं प्रकरण व्यवस्थापिका विसरली नव्हती. आठवड्याभरात तिने सिस्टरला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, बिस्किटं पुढे केली.

"तुला मुख्य मदतनीस करायचं माझ्या मनात आहे. कायमची नोकरी. मात्र नर्स नसली की थोडंफार सांभाळून घ्यायचं. आणि ती परीक्षा सोड गं आता. एकदा झालीयस ना नापास? कशाला जिवाला त्रास? इथे तुला सगळे किती मानतात."

"परीक्षेच्या दिवसाची मी रजा मागितली होती. तुम्ही दिली होती."

"हो, पण त्या दिवशी माणसं कमी आहेत. तुझी ड्यूटी लावलीय." हसू तसंच होतं. "नाही आलीस, तर मला तुझी जागा भरावी लागेल."

सिस्टरने बिस्किटांची बशी तिच्याकडे परत सरकवली. "भरा," ती म्हणाली.

"काय?"

"जागा. मी त्या दिवशी येणार नाही. रजा दिलीत तर रजेवर आहे, नाही दिलीत तर गैरहजर आहे. तुम्हाला जे लिहायचं ते लिहा."

घरी येऊन तिने सांगितलं, तेव्हा नवऱ्याचा चेहरा उतरला. भाडं, मुलीची शाळा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. "सिस्टर, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतेयस," तो हळूच म्हणाला. "नोकरीही गेली आणि परीक्षाही गेली, तर?"

"तर दुसरीकडे फरशी पुशीन. फरशी सगळ्या देशांत असते. पण त्या बाईने जाऊ नको म्हटलं म्हणून मी गेले नाही, असं मला आयुष्यभर सांगत बसायचं नाही."

नवऱ्याने आईकडे पाहिलं, आशेने. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतोस? मी नुसतं 'नाही म्हटलं तर' विचारलं, तर हिने घासलेली भांडी पुन्हा घासली. ती व्यवस्थापिका कोण लागून गेली?"

सुईणीने परस्पर व्यवस्थापिकेला जाऊन सांगितलं, की त्या दिवशी सिस्टरचं काम मी सांभाळीन, चादरी थांबतील. व्यवस्थापिका म्हणाली, चादरी थांबणार नाहीत. मग सुईणीने दोन्ही केलं.

*

परीक्षेच्या खोल्या तशाच होत्या. या वेळी सिस्टर बोलली. पहिल्या खोलीतल्या रबरी पुतळ्याला तिने आपण कोण ते सांगितलं, नाव विचारलं, आणि कोपऱ्यातल्या परीक्षकाने पेशंटच्या वतीने दिलेलं उत्तर मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं. सुरुवातीला जीभ लाकडासारखी होत होती. तिसऱ्या-चौथ्या खोलीपासून सैल झाली.

मग एका खोलीत खरा माणूस होता. वयस्कर, पोटावर खोटी पट्टी, चेहऱ्यावर दुखत असल्याचा आविर्भाव. काम सोपं, रोजचं. कुशीवर वळवून पाठ तपासायची. सिस्टरने सगळं रीतसर सांगितलं आणि विचारलं, "वळवू का तुम्हाला?"

"नको," तो म्हणाला.

तिचे हात पुढे झालेच होते. एक त्याच्या खांद्यामागे, एक कमरेपाशी. आणखी अर्ध्या श्वासात तो माणूस वळला असता, पाठ तपासून झाली असती, काम पूर्ण. "अहो काका, नको काय, चला," हे शब्द ओठांवर आले होते. घंटा केव्हाही होणार होती. वळवला नाही तर काम अपुरं. अपुरं म्हणजे नापास. नापास म्हणजे संपलंच.

सिस्टरने हात मागे घेतले.

"बरं," ती म्हणाली. "नाही वळवत. का नको ते सांगाल?"

तो माणूस जरा चपापला, की ते सोंगच होतं कोण जाणे. "दुखतं. मघाशी एकीने ओढलं, जीव गेला."

"कुठे दुखतं? किती?" तिने खुर्ची ओढली आणि बसली. परीक्षेत बसली. दुखण्याबद्दल विचारलं, वेदनेची गोळी कधी दिली ते विचारलं, पाठ का बघायची ते सांगितलं. पडून राहिलेल्या माणसाची पाठ कशी मुकाट्याने खराब होते ते सांगताना तिला शब्द शोधावे लागले नाहीत. "आधी दुखणं कमी करू. मग तुम्ही म्हणाल तेव्हा, तुम्ही म्हणाल तितकंच वळू. उशी पोटाशी धरा म्हणजे ओढ बसणार नाही. चालेल?"

तो माणूस म्हणाला, "मग चालेल."

आणि घंटा झाली. पाठ बघायची राहिली.

परीक्षकाचा चेहरा भिंतीसारखा होता. सिस्टर उरलेल्या खोल्या करून बाहेर आली. रस्त्यावर नवरा उभा होता, कामाचेच कपडे अंगावर, हाताला ग्रीस.

"कसं गेलं?"

"एकाला वळवलं नाही."

"का?"

"नको म्हणाला."

नवरा हाताचं ग्रीस पुसत तिच्याबरोबर चालू लागला. थोडं चालल्यावर तीच म्हणाली, "नापास करतील तर करोत. पण हे मी बरोबर केलं. ह्या वेळी मला माहीत आहे."

*

व्यवस्थापिकेने तिची जागा भरली नाही. भरायला माणूसच मिळालं नाही. शिक्षा म्हणून तिला खाली कपडे धुण्याच्या खोलीत पाठवलं. निकाल आला तेव्हा ती आणि सुईण एका ओल्या चादरीची दोन टोकं धरून उभ्या होत्या. सिस्टरने फोनवर वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चादरीचं टोक सोडून दिलं. ती पास झाली होती. "न वळवलेल्या" माणसाच्या खोलीतही.

सुईणीने तिला मिठी मारली. मग जमिनीवरची चादर उचलत म्हणाली, "ही आता परत धुवायची. नर्सबाई, तुमच्यामुळे."

"कागद कुठे आहेत तुझे?" सिस्टरने विचारलं.

"कसले?"

"तुला माहितीय कसले. उद्या घेऊन ये."

"उगाच डोकं नको खाऊ."

"उद्या," सिस्टर म्हणाली आणि वर गेली.

व्यवस्थापिकेला बातमी आधीच कळली होती. ती उठून उभी राहिली, अभिनंदन केलं, हात हातात घेतला. "मला ठाऊकच होतं! आता तुम्ही आमच्याच. दुसऱ्या मजल्यावर आज नर्स नाही, तुम्ही लगेच पांढरा गणवेश घाला. मात्र पगार नवख्या नर्सचा बरं का. इथला अनुभव नाही ना तुम्हाला. तिकडची वर्षं आम्ही धरत नाही."

"मी काम सोडतेय, तेवढं सांगायला आले," सिस्टर म्हणाली.

"अहो, पण जरा विचार..."

"विचारायला नाही आले."

आता ती एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या वॉर्डात आहे. तिथेही तिची मागची वर्षं धरलेली नाहीत. सर्वांत कनिष्ठ नर्स म्हणून तिची नेमणूक झाली, आणि तिच्या कामावर लक्ष ठेवायला जी ठेवली आहे ती तिच्या मुलीहून फार मोठी नसेल. ती पोर गुणी आहे, सिस्टरचं तिच्याशी छान जमतं. भांडण तिच्याशी नाही. वर्षं मोजून घेण्यासाठी सिस्टरने इस्पितळाकडे अर्ज केला, तो परत आला. तिने पुन्हा केला, तोही आला. आता तिच्यासारख्याच आणखी चौघीजणी मिळाल्या आहेत, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या, आणि त्या एकत्र जाऊन भेटणार आहेत वरच्या साहेबांना.

"ते नाही म्हणाले तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर कारण विचारीन. तिथे खुर्ची असेलच की, बसेन."

सासूबाईंनी मान हलवली. "बसशील हो. त्या बिचाऱ्या साहेबाला माहीत नाही अजून, पेशंट कोण आहे ते."